बारावीतला भाऊ रात्रभर फोनवर असतो, घरच्यांनी नेमकं काय करावं?

विट्याची_लेक विचारते:

नमस्कार. आमचं गाव विट्याजवळ. मी पुण्यात नोकरीला आहे, घरी आई, आज्जी आणि धाकटा भाऊ. पप्पा गलाईच्या धंद्यात, कोइमतूरला असतात. आमच्या भागात हे काही नवीन नाही, निम्म्या गावची माणसं सोन्या-चांदीच्या कामासाठी देशभर पांगलेली असतात आणि गाव भरतं ते जत्रेला नाहीतर दिवाळीला.

भाऊ बारावी सायन्सला आहे. दहावीपर्यंत नंबरात यायचा. पहाटे उठून तालमीत जायचा, अंगाला माती लागलेलीच घरी यायचा आणि आज्जीच्या हातचं दूध उभ्या उभ्या संपवायचा. आता सकाळी हाका मारून मारून आईचा घसा बसतो. तालीम अकरावीतच सुटली. कॉलेजला नावापुरता जातो. संध्याकाळी पब्जी सुरू होते (नाव बदललं तरी आमच्याकडे सगळे पब्जीच म्हणतात) आणि ती जेवणाच्या ताटावरही थांबत नाही. मॅच चालू असताना आईने हाक मारली तर ओ देत नाही, फोन ओढला तर अंगावर येतो.

पण मला खरी धास्ती बसली ती दिवाळीत. रात्री अडीचच्या सुमारास पाणी प्यायला उठले तर त्याच्या पांघरुणातून उजेड येत होता. गेम नव्हती, नुसता अंगठा वर वर सरकत होता. कुठे ट्रकचा टायर काढतायत, कुठे लग्नात नाचतायत, कुठे कुणी रस्त्यावर भांडतंय. चेहऱ्यावर ना हसू ना काही. मी शेजारी बसून विचारलं, "आत्ता काय बघितलंस रे?" तर त्याला मागचा व्हिडिओ कशाचा होता तेही सांगता येईना. तो माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "ताई, झोपच येत नाही."

फोन काढून घ्यावा तर क्लासची लेक्चर त्यावरच, नोट्स व्हॉट्सॲपवर, आणि रोज रात्री पप्पांचा व्हिडिओ कॉलही त्याच फोनवर येतो. आईने एकदा तांदळाच्या डब्यात लपवला होता. पोरगं जेवेना, बोलेना. शेवटी आईनेच घाबरून परत दिला. तिच्या मनात भलभलते विचार येतात, मला फोन करून रडते. पप्पा तिकडून म्हणतात, फोडून टाक तो फोन.

फेब्रुवारीत बोर्ड आहे, पुढे सीईटी. कुणी स्वतःच्या घरातलं पोर यातून बाहेर काढलं असेल तर प्लीज सांगा. "मैदानी खेळाची आवड लावा" एवढ्यावर थांबू नका, कारण हा मुलगा मैदानावरूनच इथे आलाय.

---

कडेगावचे_गुरुजी:

ताई, तुमच्या शेजारच्याच तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव तुम्हाला माहीत असेल. तिथे २०२२ च्या ऑगस्टमध्ये ग्रामसभेत ठराव झाला: रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजणार, त्यानंतर साडेआठपर्यंत गावातला टीव्ही आणि मोबाईल बंद. सरपंच विजय मोहिते होते. कोरोनात शाळा मोबाईलवर गेली, शाळा पुन्हा भरली तरी मोबाईल काही पोरांच्या हातातून सुटला नाही, ही त्यामागची तक्रार. पेपरात भोंग्याचे फोटो आले आणि लोकांच्या लक्षात तेवढा भोंगाच राहिला.

पण मी या भागात शिकवतो आणि मला त्यातली दुसरीच गोष्ट मोलाची वाटते. आशाताई, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी, निवृत्त शिक्षक घरोघरी फिरले आणि आधी मोठ्यांना समजावलं. सात ते साडेआठ हीच मालिकांची वेळ. आईने मालिका लावायची, चुलत्याने पारावर बसून रील बघायचे आणि पोराला सांगायचं अभ्यास कर, याला पोरं दाद देत नाहीत आणि का द्यावी? वडगावात सगळ्यांचंच बंद झालं, म्हणून पोरांचंही झालं.

आणखी एक. त्या दीड तासात पोराने फोन ठेवला तर त्याचं काही चुकत नाही, कारण समोरचा मित्रही फोनवर नसतो. एकट्या पोराला "तू बंद कर" म्हणणं म्हणजे वर्गातली सगळी पोरं सहलीला निघालेली असताना त्याला घरी बसवण्यासारखं आहे. निश्चय त्याचा कमी पडत नाही, त्याच्यावर टाकलेलं ओझं जास्त पडतं. माझ्या वर्गातली किती तरी पोरं मनापासून गेम डिलीट करतात आणि चार दिवसांनी पुन्हा टाकतात, कारण रात्री नऊला सगळा ग्रुप तिथेच असतो. ज्या दोघा-तिघांनी मिळून ठरवलं, त्यांचं टिकलेलं मी बघितलंय.

तुमच्या गावात भोंगा नाही म्हणून अडायला नको, घरापुरतं करता येईल. वेळ एकच ठरवा. आज्जीचा टीव्ही त्यात धरा, आईचा फोन धरा, आणि तुम्ही पुण्यात असलात तरी त्या वेळेत घरी मेसेज करू नका. पप्पांना सांगा की कॉल साडेआठनंतर करायचा. तो कॉल म्हणजे बंद वेळ संपल्याची खूण होऊ दे. पप्पांनाही तिकडे बसून "फोड फोन" म्हणण्यापेक्षा करण्यासारखं काहीतरी मिळेल. परगावी असलेल्या बापाला ते फार हवं असतं, आमच्या शाळेत असे पालक पुष्कळ आहेत.

---

माणदेशी_बाप:

मी लेकीचा स्मार्टफोन काढून घेतला आणि बटणाचा दिला. अभ्यासाचं काही असेल तर माझ्या फोनवर, माझ्यासमोर बसून. सुरुवातीला रुसली, नंतर सवय झाली. आज दहावीत आहे आणि पुस्तकं वाचते. माझं स्पष्ट मत आहे, आईबापांनी ठाम राहावं. एवढंच की लेक तेव्हा सातवीत होती. सतरा वर्षांच्या मुलाशी हे जमेल का, ते मी सांगू शकत नाही.

---

क्राउन_ते_कोल्हापूर:

ताई, मी आता कोल्हापुरात नोकरी करतो. लॉकडाऊनमध्ये डिप्लोमाला होतो आणि तुमच्या भावाचं जे वर्णन केलंय तसंच माझं होतं. झोपेचं तर शब्दशः. म्हणून आतली बाजू सांगतो, कारण घरच्यांना ती दिसत नाही.

पहिली गोष्ट. क्लासिक मॅच साधारण अर्ध्या तासाची असते आणि ती मध्ये थांबवता येत नाही. शंभर जण उतरतात, वर्तुळ लहान होत जातं, शेवटी मोजके उरतात. चौघांचा स्क्वॉड असतो. शेवटच्या वर्तुळात आईने फोन ओढला तर तुमचा भाऊ एकटा मरत नाही, तिघांना घेऊन मरतो आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजात त्याला ऐकून घ्यावं लागतं. तो जो अंगावर येतो तो त्या क्षणी. म्हणून आईंना सांगा, हाक मॅचच्या मध्ये मारू नका. "ही संपली की जेवायला, पुढची लावू नकोस" हे मॅच सुरू असताना एकदा शांतपणे सांगा आणि संपली की ताट वाढा. मी सांगतो, निम्मी भांडणं एवढ्यावर थांबतात. आमच्या घरात थांबली.

दुसरी. त्याची रँक काय आहे ते विचारा. खरंच विचारा, टोमणा म्हणून नको. क्राउन असेल, एस असेल तर तो तिथं कुणीतरी आहे. लोक त्याला आपल्या स्क्वॉडमध्ये बोलावतात. तालीम सुटली, अकरावीत दहावीचे मार्क चालत नाहीत, वर्गात मागे पडला. मग जिथं आपलं नाव आहे तिथंच माणूस जाणार. माझा फिजिक्सचा पाया कच्चा राहिला होता आणि ते घरी सांगायची लाज वाटायची. पुस्तक उघडलं की पोटात गोळा यायचा, फोन उघडला की जायचा. तुमच्या भावाचं काय बिघडलंय ते मला माहीत नाही, पण तालीम का सुटली हे कुणी त्याला विचारलंय का?

रीलचं वेगळं आहे. गेमला निदान शेवट असतो, रीलला तळच नाही. पुढचा व्हिडिओ चांगला निघेल की भिकार, हे कळत नाही आणि त्या न कळण्यातच अंगठा अडकतो. कधी बक्षीस मिळेल याचा नेम नसला की सवय जास्त घट्ट होते, हे स्किनरने उंदीर-कबुतरांवर प्रयोग करून कधीच दाखवलंय. हे मला फार उशिरा कळलं आणि कळल्यावर जरा बरं वाटलं, की आपण कमजोर नाही, समोरची चीजच तशी बनवलीय.

आता हाताने करायच्या गोष्टी. यूट्यूब काढता येणार नाही कारण लेक्चर त्यावर आहेत, पण त्यातली वॉच हिस्टरी बंद करून जुनी पुसून टाका. होम पेज कोरं होतं. मग सर्च करून लेक्चर लावायचं आणि संपलं की समोर काही येत नाही. माझा सगळ्यात जास्त वेळ यानेच वाचला. इन्स्टाग्राम फोनमधून काढायचं, बघायचंच असेल तर ब्राउझरमध्ये पासवर्ड टाकून बघायचं, तेवढा कंटाळा पुरतो. नोटिफिकेशन सगळी बंद, फक्त फोन कॉल आणि क्लासचा ग्रुप चालू. आणि रात्री चार्जर स्वयंपाकघरात, सगळ्यांचेच. उठायला घड्याळाचा गजर आणा, नाहीतर "गजरासाठी फोन लागतो" म्हणून तो उशाशी येणारच.

आणखी एक बघा. त्या गेमला अठरा वर्षांखालच्यांसाठी दिवसाला तीन तासांची मर्यादा ठेवलेली आहे. पोरं घरातल्या मोठ्या माणसाच्या नावावर खातं काढतात. आज्जींचा नंबर कुठे वापरलाय का, ते बघा. बघितल्यावर आरडाओरडा करू नका, फक्त त्याला सांगा की मला कळलंय.

सोडताना पहिले काही दिवस वाईट जातात. चिडचिड होते, हात शिवशिवतात, झोप आणखी बिघडते. त्या दिवसांत त्याला उपदेश नको, सोबत हवी. माझा मामा रोज संध्याकाळी येऊन मला गाडीवर बसवून रंकाळ्यावर न्यायचा. अभ्यासाचा विषय एकदाही काढला नाही त्याने. शेंगा खायचो आणि परत यायचो. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

---

मिरजेची_समुपदेशक:

वरच्या प्रतिसादांत पुष्कळ शहाणपण आहे. मी फक्त वैद्यकीय बाजू मांडते.

"व्यसन" हा शिक्का त्याच्यावर लगेच मारू नका. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या नव्या वर्गीकरणात गेमिंग डिसऑर्डर घेतला. ते वर्गीकरण २०१९ मध्ये मंजूर झालं आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्यात तीन गोष्टी बघतात: खेळण्यावर ताबा उरलेला नाही, बाकी सगळ्यापेक्षा खेळ वरचढ झालाय, आणि नुकसान समोर दिसत असूनही चालूच आहे. हे सर्वसाधारणपणे बारा महिने टिकलेलं असावं लागतं आणि त्याने घर, शिक्षण, नाती खरोखर कोलमडलेली असावी लागतात. नुसत्या रील बघण्याला असं वेगळं नाव त्यात नाही. निदान डॉक्टर करतील. घरी रोज "तू ॲडिक्ट आहेस" ऐकणारं मूल तेच धरून बसतं.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाचं वाक्य वाटलं ते "ताई, झोपच येत नाही". तुम्ही समजता तो फोनमुळे जागा राहतो. तसं असू शकतं. पण झोप येत नाही म्हणून फोन हातात घेणारी मुलंही माझ्याकडे येतात आणि त्यांच्या मुळाशी बहुतेकदा चिंता नाहीतर नैराश्य असतं. अशा मुलाचा फोन काढून घेतला तर तेवढाही आधार जातो. जेवण कमी झालंय का, आवडीच्या गोष्टीतून मन उडालंय का, "माझ्याने काही होणार नाही" असं बोलतो का, हे आईंना विचारा.

आईंना जी भीती वाटते ती थेट त्याला विचारायला हरकत नाही: "जीव नकोसा वाटतो का रे?" विचारल्याने तसला विचार डोक्यात येत नाही, उलट मुलं मोकळी होतात. उत्तर हो असेल किंवा वस्तू फेकणं, मारहाण असं काही असेल तर थांबू नका, मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. जिल्हा रुग्णालयात ही सोय असते. टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केला. फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. आईसुद्धा स्वतःसाठी त्यावर बोलू शकतात, त्यांनाही गरज आहे असं मला वाटतं. बंगळूरच्या निम्हान्समध्ये तर याच कामासाठी २०१४ पासून 'शट' नावाचं खास क्लिनिक चालतं. तिथेही फोन कायमचा सोडवणं हे ध्येय नसतं, तो बेताने वापरता येणं हे असतं.

पैशाचंही बघा. आईंच्या खात्यातून यूपीआयने बारीकसारीक रकमा गेल्यात का? पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर २०२५ च्या कायद्याने बंदी आली, तरी बाहेरच्या ॲपवर मुलं जातात. त्यात अडकलेलं मूल फार एकटं पडलेलं असतं, कारण त्याला ते कुणालाच सांगता येत नाही.

बंदीबद्दल एक उदाहरण देते. दक्षिण कोरियाने २०११ मध्ये सोळा वर्षांखालच्या मुलांना मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत ऑनलाइन गेम बंद करणारा कायदा केला. मुलं आईवडिलांच्या नावाने आत शिरायची, वर आज्जींच्या नंबरचं सांगितलंय तसंच. २०२१ मध्ये तो कायदा मागे घ्यायचं ठरलं. बाहेरून लावलेलं कुलूप थोडाच वेळ टिकतं. गुरुजींनी सांगितलेली घरातली बंद वेळ मला जास्त भरवशाची वाटते.

---

विट्याची_लेक:

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी घरी आले होते, म्हणून लिहायला वेळ लागला.

दादा, तुमचं ऐकून रँक विचारली. आधी संशयाने बघितलं, मग एस आहे म्हणाला आणि अर्धा तास बोलत बसला. एवढं तो माझ्याशी वर्षभरात बोलला नसेल. तालमीचं विचारलं तेव्हा गप्प झाला. नंतर मळ्यात गेलो तेव्हा विहिरीच्या कठड्यावर बसून सांगितलं. अकरावीच्या क्लासची बॅच सकाळची होती म्हणून तालीम सोडली, आणि क्लासमध्ये सगळं इंग्रजीतून, त्याला पहिल्या महिन्यातच कळेनासं झालं. पप्पांनी फीचे पैसे तिकडून जुळवून पाठवले होते, म्हणून बोलला नाही. रेकॉर्डेड लेक्चर साठत गेली. रात्री ती उघडतो, भीती वाटते, बंद करतो आणि रील लावतो.

मी त्याला मॅडमनी सांगितलेलं थेट विचारलं. तसं काही नाही म्हणाला आणि माझ्या डोळ्यात बघून म्हणाला. तरी १४४१६ वर आईसोबत बसून बोलायला तो तयार झालाय.

वॉच हिस्टरी त्याच्याकडूनच बंद करून घेतली. आज्जी सात वाजता टीव्ही बंद करायला तयार आहे, फक्त हरिपाठ मोठ्याने म्हणणार म्हणाली. पप्पांशी बोलताना त्याने स्वतः फिजिक्सचं सांगितलं. पप्पा बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले, गावातल्या सरांकडे मराठीतून शिकायला जा, मी सरांना फोन करतो.

आता एक अडचण. त्याच्या स्क्वॉडमधले दोघे आमच्याच गल्लीतले, दोघेही बारावीचे. गुरुजी म्हणतात तसं सगळ्यांनी मिळून ठरवलं तर टिकेल. मी त्यांच्या आयांशी जाऊन बोलू का?

---

क्राउन_ते_कोल्हापूर:

ताई, आयांकडे आत्ता जाऊ नका. आधी भावाला विचारा. तुम्ही परस्पर गेलात तर त्या दोघांचे फोन त्याच रात्री जप्त होतील आणि सगळा राग याच्यावर निघेल. तीच पोरं त्याला उद्या सोबत हवीत.

त्यालाच त्यांच्याशी बोलू दे. सोडायचं म्हणायची गरज नाही, बोर्डाचा शेवटचा पेपर होईपर्यंत फक्त रविवारी दुपारी खेळू, एवढंच म्हणू दे. स्क्वॉड मोडत नाही म्हटल्यावर पोरं ऐकतात, त्यांनाही फेब्रुवारीची भीती आहेच. त्या मराठीतून शिकवणाऱ्या सरांकडे तिघांना एकदम घालता येतं का बघा. आणि पुढच्या वेळी गावी गेलात की तालमीचे वस्ताद भेटतील, त्यांना सांगा, परीक्षा झाल्यावर पोराला बोलावून घ्या म्हणून. वस्तादांनी बोलावलं तर तो जाईल.